अठ्ठावन्न शेरे: लाकूड-काँक्रीटच्या उंच इमारतीची भूकंप-तपासणी

जानेवारी २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात हे काम माझ्या टेबलावर आलं. चौदा मजले. खालचे दोन काँक्रीटचे, वरचे बारा लाकडाचे, आणि पायापासून गच्चीपर्यंत सलग गेलेला काँक्रीटचा कोअर, ज्यात लिफ्ट आणि जिने. लाकूड म्हणजे ग्लुलॅमचे, म्हणजे एकाच दिशेने चिकटवलेल्या फळ्यांचे, कॉलम आणि त्यांवर सीएलटीची जाड पॅनेल. सीएलटी म्हणजे फळ्यांचे थर एक आडवा, एक उभा असे चिकटवून केलेली लादी. भूकंपाचा आडवा जोर सगळा कोअरने घ्यायचा, लाकडाने फक्त वजन पेलायचं, अशी मूळ कल्पना. मी तोवर सोळा वर्षं काँक्रीटच करत आले होते. लाकडाचा अनुभव होता तो छपरांपुरता.

हे सगळं पार पडायला पावणेतीन वर्षं लागली. सुरुवातीला मी खूप शोधलं, की या वाटेने आधी गेलेल्या कुणी, कुठे काय अडतं ते लिहून ठेवलंय का. शोधनिबंध भरपूर सापडले. पण परवानगीच्या फाइलमध्ये काय काय लागतं, कशासाठी किती थांबावं लागतं आणि मध्येच सगळं उलटंपालटं झालं तर काय करायचं, हे कुणी लिहिलेलं मिळालं नाही. म्हणून मी लिहिते आहे.

पहिली बैठक ८ फेब्रुवारीला ठरली होती. दोनच दिवस आधी, ६ तारखेला, तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. पहाटे ७.८ चा आणि दुपारी पुन्हा ७.५ चा. पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. बैठकीच्या आदल्या रात्री मी एकामागून एक बसलेल्या मजल्यांचे फोटो बघत होते आणि हातातलं काम सोडून द्यावं असं खरोखर वाटलं. ते सोडलं नाही, पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की बसली: पहिला मोठा हादरा सोसल्यावर इमारतीत दुसऱ्यासाठी काय उरतं, हेही आपल्याला दाखवता आलं पाहिजे.

बैठकीत मी उदाहरण म्हणून ब्रॉक कॉमन्स नेलं होतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं हे वसतिगृह, अठरा मजली, ५३ मीटर उंच, २०१७ मध्ये पूर्ण झालेलं. खाली काँक्रीटचा एक मजला, वर सतरा मजले लाकडाचे आणि दोन काँक्रीटचे कोअर. तेही भूकंपप्रवण भागात. मला वाटलं होतं, एवढं दाखवलं की पुरे. परवानगी कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी ते लक्ष देऊन पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "ही पद्धत संहितेतल्या कुठल्या तक्त्यात बसते?"

भूकंपाचा जोर घेणाऱ्या मान्य पद्धतींचे तक्ते बांधकाम संहितेत असतात. आमची पद्धत त्यांतल्या कुठल्याच तक्त्यात सरळ बसत नव्हती. काँक्रीटचा कोअर तक्त्यात आहे, पण त्याला धरून असलेले मजले लाकडाचे असतील, हे तो तक्ता करणाऱ्यांनी गृहीत धरलेलं नाही. अमेरिकेच्या एएससीई ७ या मानकाने २०२२ च्या आवृत्तीत सीएलटीच्या भिंतींना जागा दिली, पण ६५ फुटांच्या उंचीपर्यंतच, आणि आमच्याकडे तर भिंती काँक्रीटच्याच होत्या. मग पर्यायी मार्ग उरला. आपण नेमकं काय गृहीत धरतो आहोत, कशाशी तुलना करणार आहोत, कुठली मर्यादा पाळणार आहोत, हे सगळं आधी एका टिपणात लिहून द्यायचं आणि तीन स्वतंत्र तज्ज्ञांच्या मंडळाकडून ते आणि पुढचं सगळं गणित तपासून घ्यायचं. खर्च मालकाचा. आमच्या कामात मंडळाची फी स्ट्रक्चरल डिझाइनच्या एकूण फीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी झाली. हा आकडा मालकाला पहिल्याच महिन्यात सांगून टाका. तो नंतर कळला की प्रत्येक शेऱ्याकडे लोक वाढीव बिल म्हणून बघायला लागतात.

मंडळ नेमायलाच सात आठवडे गेले. तिघांची नावं आम्ही सुचवायची, कार्यालयाने मान्य करायची, हितसंबंध नसल्याचं पत्र प्रत्येकाकडून घ्यायचं. एक नाव परत आलं, कारण त्यांनी आमच्या आर्किटेक्टबरोबर पूर्वी काम केलं होतं. शेवटी जमीन आणि भूकंपाच्या नोंदी बघणारे एक, लाकडाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि काँक्रीटच्या भिंतींवर आयुष्य घालवलेल्या एक मॅडम, असं मंडळ झालं.

या सात आठवड्यांत माझ्याकडून एक चूक झाली. मंडळ नाही तोवर आर्किटेक्टचं काम थांबवता येत नाही, असं समजून मी कोअरची जागा पक्की होऊ दिली. दर्शनी बाजूच्या खोल्या मोठ्या हव्यात म्हणून कोअर एका बाजूला एक गाळा सरकला. भूकंपात जोर वस्तुमानाच्या केंद्रातून लागतो आणि विरोध ताठरपणाच्या केंद्रातून होतो. ती दोन केंद्रं लांब गेली की इमारत पुढेमागे डोलण्याबरोबर स्वतःभोवती पिळवटते. हे मला माहीत होतं आणि कोअरच्या भिंती जाड करून ते निभावता येईल असा माझा हिशोब होता. तो हिशोब काँक्रीटच्या स्लॅबवर पोसलेला होता. कोअर पुन्हा मध्याकडे आणायला पुढे अडीच महिने आणि आर्किटेक्टची ड्रॉइंग पुन्हा काढण्याचा खर्च लागला. कोअरची जागा मंडळाला दाखवल्याशिवाय गोठवू देऊ नका.

मे महिन्यात, आमचं टिपण अर्धवट असताना, सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कंपनमंचावर दहा मजली लाकडी इमारत हलवून पाहिली गेली. शिलिंग पेई यांच्या नेतृत्वाखालचा तो प्रकल्प. १९९४ चा नॉर्थरिज आणि १९९९ चा तैवानचा ची-ची, या भूकंपांच्या नोंदी देऊन तिला हलवलं आणि ती उभी राहिली. ऑफिसात आनंद झाला. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने ती चाचणी टिपणात पुरावा म्हणून घालायचं सुचवलं. मी दोन दिवस विचार करून ती काढली. त्या इमारतीच्या भिंती लाकडाच्या, पायाशी डुलणाऱ्या आणि पोलादी दांड्यांनी ताणून पुन्हा जागेवर येणाऱ्या होत्या. आमचा कोअर काँक्रीटचा आणि पायाशी घट्ट जखडलेला. लाकडाची उंच इमारत टिकते, एवढंच त्या चाचणीवरून म्हणता आलं असतं. आमचा सांधा टिकतो का, याला तिच्यात उत्तर नव्हतं. जपानातल्या मिकीच्या मोठ्या कंपनमंचावर २००७ मध्ये इटालियन संशोधकांनी सात मजली सीएलटी इमारतीवर केलेल्या चाचणीचंही तेच. मोठी नावं टिपणात घातली की तपासणारे पहिला प्रश्न हाच विचारतात, की याचा तुमच्या इमारतीशी काय संबंध.

एकेचाळीस पानांचं टिपण १९ जूनला गेलं. पाच आठवडे काहीच आलं नाही. २५ जुलैला एक तक्ता आला. अठ्ठावन्न शेरे.

ती संध्याकाळ वाईट गेली, खोटं कशाला सांगू. सोळा वर्षांत माझ्या कामावर एवढे प्रश्न कुणी एकदम विचारले नव्हते. आमच्या वरिष्ठांनी तो तक्ता वाचला आणि म्हणाले, "यातले चाळीस कागदाचे आहेत. दहा स्पष्टीकरणाचे. उरलेले आठ इमारतीचे आहेत, ते वेगळे काढ आणि आधी त्यांनाच हात घाल." हा सल्ला सोन्यासारखा निघाला. कागदाचे शेरे म्हणजे ड्रॉइंगवरचा आवृत्ती क्रमांक चुकलाय, लाकडाच्या घनतेचं मूल्य दोन ठिकाणी वेगळं आहे, वगैरे. ते एका सहकाऱ्याने दोन आठवड्यांत संपवले.

आठातला पहिला शेरा मॅडमचा होता. "इमारत हलकी आहे हे तुम्ही सात ठिकाणी फायदा म्हणून लिहिलं आहे. तोटा कुठेच लिहिलेला नाही."

मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. आमचं सीएलटी १७५ मिलिमीटर जाडीचं, वर ५० मिलिमीटर काँक्रीटचं टॉपिंग. मिळून चौरस मीटरला साधारण दोनशे किलो. तेवढ्याच कामाचा २०० मिलिमीटरचा काँक्रीट स्लॅब पाचशेच्या आसपास जातो. वस्तुमान कमी, म्हणून भूकंपाचा जोर कमी. यात तोटा कसला?

मग कागदावर कोअर एकटा काढला तेव्हा उजाडलं. भूकंपात कोअर उलथू बघतो. एका कडेला दाब येतो, दुसरी कड वर उचलली जाते. ती कड खाली दाबून धरायला मदत करतं ते कोअरवरचं वजन. काँक्रीटच्या इमारतीत स्लॅबचं मोठं ओझं भिंतींवर येतं, ते भिंतीला जागेवर बसवून ठेवतं. आमच्याकडे मजले हलके, आणि त्यातलाही बराच भार लाकडी कॉलमांवरून खाली जाणार. म्हणजे कोअरवर वजन थोडं, पण उलथवणारा जोर सगळा त्याच्याच माथी. जोर कमी झाला होता हे खरं, पण धरून ठेवणारं वजन त्याहून जास्त कमी झालं होतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते. अशा हलक्या भाराच्या भिंतीत उभ्या सळया कमी घातल्या तर भेगा पसरत नाहीत. तळाशी एकच रुंद भेग पडते आणि सगळा ताण तिथल्या सळयांच्या बोटभर लांबीत गोळा होतो. २२ फेब्रुवारी २०११ च्या क्राइस्टचर्च भूकंपात एका उंच निवासी इमारतीच्या भिंतीत हेच झालं. भेग बाहेरून साधी दिसत होती, आत सळया तुटल्या होत्या. मॅडमनी त्याचा संदर्भ दिला होता. आम्ही तळाच्या तीन मजल्यांत उभ्या सळया वाढवल्या, भिंतींच्या टोकांना रिंगा दाट केल्या आणि पाया रुंद केला. लाकडामुळे पायात वाचेल म्हणून जे मालकाला सांगितलं होतं, त्यातलं निम्मं परत गेलं. हे त्यांना सांगायला जाताना जीव जड झाला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कारण सांगायच्या आधी आम्ही आकृती दाखवली.

दुसरा मोठा शेरा प्राध्यापकांचा. मी मॉडेलमध्ये प्रत्येक मजला पूर्ण ताठ धरला होता, म्हणजे हादऱ्यात सगळा मजला एका थाळीसारखा सरकेल. काँक्रीटमध्ये आपण हे विचार न करता करतो. पण सीएलटीचा मजला अखंड नसतो. पॅनेलं एकमेकांना पट्ट्यांनी आणि स्क्रूंनी जोडलेली असतात आणि प्रत्येक सांधा थोडा घसरतो. कोअरपासून लांबच्या टोकाला ही घसरण साचत जाते. प्राध्यापकांनी विचारलं होतं, "टोकाचा कॉलम कोअरपेक्षा किती जास्त सरकतो?" मॉडेल पुन्हा केलं, प्रत्येक सांध्याला त्याची स्प्रिंग दिली, तेव्हा टोकाचं सरकणं कोअरच्या दीडपटीपर्यंत गेलं. आणि ते कॉलम मी फक्त वजनासाठी धरले होते! भूकंपाचा जोर त्यांनी घ्यायचा नाही हे ठीक, पण इमारत सरकेल तेवढं त्यांनाही वजन घेऊन सरकावं लागतंच. तेवढ्या कलण्याने कॉलमच्या डोक्याशी सीएलटी चिरडत नाही, हे वेगळं दाखवावं लागलं.

हे सगळं सुरू असताना मला हळूहळू कळत गेलं की आमचं लाकडाचं गणित बरोबर होतं, काँक्रीटचंही बरोबर होतं. शेरे जवळजवळ सगळे त्या दोहोंच्या मधल्या हातभर जागेबद्दल होते. मजल्यांत निर्माण झालेला जोर कोअरपर्यंत पोचवणारी आमच्याकडे एक पोलादी पट्टी होती, ड्रॅग स्ट्रॅप. एका टोकाला ती सीएलटीवर स्क्रूंनी बसवलेली, दुसऱ्या टोकाला कोअरच्या भिंतीत ओतलेल्या इन्सर्ट प्लेटला वेल्ड केलेली. दर मजल्याला अशा सोळा. एकेचाळीस पानांच्या टिपणात या पट्टीला मी अर्धं पान दिलं होतं.

सप्टेंबर ते डिसेंबर मोठं मॉडेल चाललं. भूकंपाच्या अकरा नोंदी, प्रत्येकीच्या दोन्ही दिशा, आणि सांध्यांचा ताठरपणा तीन पातळ्यांवर: अपेक्षित, त्याहून मऊ, त्याहून ताठ. म्हणजे मॉडेल तेहेतीस वेळा चालवायचं, तेहेतीस धावा. एका धावेला नऊ ते चौदा तास. दोन संगणक रात्रंदिवस चालत होते आणि सकाळी आल्यावर निम्म्या धावा अर्ध्यावर अडकलेल्या सापडायच्या. तीन पातळ्यांचा आग्रह मला आधी जाचक वाटला. पण सांधे मऊ धरले की मजल्यांचं सरकणं वाढतं आणि ताठ धरले की पट्टीतला जोर वाढतो. एकच मूल्य धरलं असतं तर या दोनांतलं एक संकट मला दिसलंच नसतं. मर्यादा आम्ही पॅसिफिक अर्थक्वेक इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरच्या उंच इमारतींच्या मार्गदर्शिकेतून घेतल्या: सर्वांत मोठ्या हादऱ्यात दोन मजल्यांमधला कल सरासरी ३ टक्क्यांच्या आत, आणि हादरा थांबल्यावर उरलेला कल सरासरी १ टक्क्याच्या आत. त्या शेवटच्या आकड्यापाशी आले की मला दर वेळी ६ फेब्रुवारी आठवायची. मंडळाने मागितलं नव्हतं, तरी तीन नोंदी मी एकामागे एक जोडून चालवल्या. दुसऱ्या हादऱ्यात कोअर जास्त डोलला, पण सावरला.

एक धक्का याच मॉडेलने दिला. माझी समजूत होती की कोअरच्या तळाशी सळया यील्ड झाल्या, म्हणजे ताणून कायमच्या लांबल्या, की वरचा जोर तिथेच थांबतो, म्हणजे पट्ट्यांवरचाही. इमारत एकाच वेळी वेगवेगळ्या आकारांत डोलते, त्या आकारांना मोड म्हणतात. पहिल्या मोडपुरतं ते खरं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मोडचे झटके तळाला फारशी दाद देत नाहीत आणि मजल्यांना वेगवेगळ्या दिशांना ओढत राहतात. काही मजल्यांवर पट्टीतला जोर माझ्या हातच्या गणिताच्या दुपटीवर गेला.

मग मंडळाने सांगितलं, पट्टीची चाचणी करा.

प्रयोगशाळेची तारीख मिळायला नऊ आठवडे. हे आधीच धरून ठेवा. चाचणी लागणारच आहे असं समजून टिपण पाठवतानाच जागा राखून ठेवली असती तर आमचे दोन महिने वाचले असते. १२ फेब्रुवारी २०२४ ला पहिला नमुना यंत्रात लागला. खऱ्या जाडीचं सीएलटी, खरी पट्टी, खरे स्क्रू. पट्टी पुढेमागे ओढायची, दर फेरीला थोडं जास्त.

मी स्क्रू ४५ अंशात तिरके घातले होते, कारण तसे ते फार ताठ वागतात. पहिल्या काही फेऱ्या छान गेल्या, सुई जागची हलत नव्हती. मग फांदी मोडावी तसा आवाज झाला, लगेच दुसरा, तिसरा. एक स्क्रू तुटला की त्याचा वाटा शेजाऱ्यावर, तो तुटला की पुढच्यावर, जशी चेन उसवत जावी. एकंदर सरकणं चार मिलिमीटरही झालं नव्हतं. यंत्र बंद केल्यावर खोलीत ताज्या लाकडी भुशासारखा वास होता आणि कुणी बोलत नव्हतं.

ताकद आम्ही लिहिली होती त्याहून थोडी जास्तच निघाली होती. पण शेवट असा अचानक आला, की ते स्वीकारता येत नव्हतं. त्या पट्ट्या आम्ही हिशोबाने शाबूत राहण्यासाठीच केल्या होत्या, कोअरचा तळ यील्ड झाला तरी त्या टिकून राहाव्यात अशा. तरीही हिशोब चुकला तर त्यांनी काहीतरी इशारा देऊन, वाकून, वेळ घेऊन जायला हवं. प्राध्यापकांनी फोनवर सुचवलं की तिरक्यांच्या जोडीला सरळ, ९० अंशातले स्क्रू घाला. तिरके ताठरपणा देतील आणि ते दमले की सरळ स्क्रू वाकत वाकत जोर धरून ठेवतील. संख्या बदलून, कडेपासूनचं अंतर वाढवून आम्ही नवे नमुने केले. पुन्हा पाच आठवडे.

२५ मार्चला सुधारित नमुना वीस मिलिमीटरच्या पुढे गेला, जोर हळूहळू उतरला, काही एकदम तुटलं नाही. चाचणी झाल्यावर तंत्रज्ञांनी तो करवतीने उभा कापून दिला. आतले सरळ स्क्रू दोन ठिकाणी वाकून मानेसारखे वळले होते, भोवतीचं लाकूड दाबलं जाऊन गडद झालं होतं, आणि प्रत्येक स्क्रूच्या मागे नखाएवढी पोकळी. हात लावला तर कड अजून उबदार होती, करवतीने की घासण्याने कोण जाणे. वर्षभर मी ज्या घसरणीला आकड्यांत पकडू बघत होते ती तिथे पोकळीच्या रूपाने डोळ्यांसमोर होती. तो तुकडा मी ऑफिसात आणला. नव्याने रुजू होणाऱ्या मुलांना मॉडेल उघडण्याआधी तोच हातात देते.

दुसऱ्या फेरीत शेरे एकवीस झाले, तिसऱ्या फेरीत सहा. या फेऱ्यांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. शेऱ्यांचा तक्ता एकच ठेवा आणि त्यातली ओळ कधीही पुसू नका, मिटलेला शेरासुद्धा. प्रत्येक उत्तरात ड्रॉइंगचा क्रमांक, आवृत्ती आणि पान लिहा. "सुधारणा केली आहे" एवढंच उत्तर लिहिलं की तो शेरा पुढच्या फेरीत हमखास परत येतो. आणि एखादा शेरा पटत नसेल तर पत्र लिहिण्याआधी फोन करा. आमचे तीन शेरे अर्ध्या तासाच्या बोलण्यात मिटले, ज्यांवर मी तीन आठवडे उत्तरं घडवत होते.

शेवटच्या सहांतला एक शेरा आगीचा होता. लाकूड मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर कोळसा होत जातं, ते धरून जाडी ठरवलेली होती. पण प्रश्न भूकंपानंतरच्या आगीचा होता: मजले कलल्यावर जिप्समचे बोर्ड तडकले आणि स्प्रिंकलरचे पाइप सांध्यात निखळले तर? पाइपांना लवचिक जोड दिले आणि पट्ट्या टॉपिंगच्या काँक्रीटखाली नेल्या. मंडळाचं अखेरचं पत्र १६ जुलै २०२४ ला आलं. परवानगी सप्टेंबरात.

साइटवर कोअर पुढे गेला आणि लाकूड मागून आलं. इथे दोन सवयींची टक्कर होते. कारखान्यात कापलेलं सीएलटी एक-दोन मिलिमीटरच्या आत अचूक असतं. काँक्रीट ओतताना इन्सर्ट प्लेट दहा-वीस मिलिमीटर सहज हलते. सातव्या मजल्यावर एक प्लेट २३ मिलिमीटर खाली सापडली. फोरमननी विचारलं, "मॅडम, पट्टीला लांबट भोक पाडून बोल्ट लावू का?" लांबट भोकात बोल्ट घसरतो, आणि घसरणीवरच तर आमचा सगळा खटाटोप झाला होता. म्हणून सर्व्हे झाल्यावर मापाप्रमाणे पॅकिंग प्लेट कापून वेल्ड केली. त्यानंतर प्रत्येक मजल्याच्या प्लेटा लाकडाची ऑर्डर पक्की होण्याआधी मोजल्या. लाकडाजवळ वेल्डिंग म्हणजे ओलं आच्छादन, पाण्याची व्यवस्था आणि काम संपल्यावरही एक माणूस पहाऱ्याला, हे वेळापत्रकात धरा. आम्ही धरलं नव्हतं.

लाकडी कॉलम काळाबरोबर आखडतात: वजनाने, ओलावा कमी होऊन, सांधे बसून. कोअरही आखडतो, पण कमी. बारा मजल्यांत हा फरक वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिमीटरचा निघाला. तेवढा मजला कोअरच्या बाजूला उंच राहून बाहेर उतरता झाला असता आणि पट्ट्यांना भूकंपाआधीच वाक आला असता. सीएलटी कॉलमांच्या मध्ये दाबली जाणार नाही अशी पोलादी जोडणी करून कॉलमवर कॉलम थेट बसवला होता, कारण लाकूड आडव्या दिशेने तंतूंच्या दिशेपेक्षा कितीतरी पट जास्त आखडतं. वर काही ठरावीक मजल्यांवर कॉलमखाली पातळ पोलादी चकत्या घालून उंची आधीच वाढवून घेतली. ब्रॉक कॉमन्समध्येही अशा चकत्या वापरल्या होत्या. दर पंधरा दिवसांनी मापं घेत होतो. पावसाळी आठवड्यात लाकडाचा ओलावा वाढून मापं उलटी गेली तेव्हा मी घाबरले होते. ओलावामापकाची नोंद सोबत होती म्हणून कारण कळलं. लांबीचं माप घ्याल तेव्हा ओलाव्याचंही घ्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये, पार्टिशन लागण्याआधी, आम्ही इमारतीचं नैसर्गिक डोलणं मोजलं. वाऱ्याने आणि रस्त्यावरच्या वाहनांनी इमारत अतिशय सूक्ष्म हलत असते, ते पकडणारे संवेदक वरच्या मजल्यांवर ठेवायचे. लिफ्टचं काम बंद हवं म्हणून रात्र निवडली. भूकंपाच्या गणितात, भेगाळलेलं काँक्रीट धरून, आमचा पहिला काळ, म्हणजे एका पूर्ण डोलण्याला लागणारा वेळ, १.७ सेकंद होता. न भेगाळलेलं धरलं तर १.२. बाराव्या मजल्याच्या उघड्या लाकडी जमिनीवर, टॉर्चच्या उजेडात बसून आम्ही आलेख उमटताना पाहिला. टोक १.१ सेकंदावर आलं.

आलेख त्याच रात्री मंडळातल्या तिघांनाही पाठवला. सकाळी मॅडमचं उत्तर आलं: "छान. पार्टिशन लागल्यावर पुन्हा मोजा, आणि तेव्हा टोकाच्या कॉलमपाशीही एक संवेदक ठेवा." ती मोजणी पुढच्या महिन्यात आहे.